दहिवलीला राहिलेलं प्रस्थान

आधीच सांगून टाकते, भुतंखेतं, चकवा, झपाटणं असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. लहानपणी शेजारच्या काकू चिंचेवरच्या हडळीची गोष्ट रंगवून सांगायच्या. बाकीच्या पोरी एकमेकींना बिलगून बसायच्या आणि मी विचारायचे, "काकू, पावसाळ्यात ती कुठं राहते हो?" तेव्हापासून असल्या गोष्टींना मला कुणी बोलावत नाही. आमचे हे तर माझ्याही पुढचे. कर्जतला भाताच्या गिरणीत मॅनेजर आहेत. यंत्राचा पट्टा एकदा सुटला तर तो का सुटला हे कळेपर्यंत यांच्या घशाखाली घास उतरत नाही.

त्यामुळे या सदरात येणारे अनुभव वाचून मी आजवर नाकच मुरडत आले. आणि आता मीच लिहायला बसलेय! "लिही," हे म्हणाले, "पण जे कळलं नाही ते कळलं नाही असंच लिही. उगाच कळल्याचा आव आणू नकोस." तसंच लिहिते.

कर्जत स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि तीन मुलं. थोरली शालू आठ वर्षांची, मधला बापू पाच वर्षांचा आणि धाकटी छबी... तिला तेव्हा नुकतंच तिसरं लागलं होतं. त्या हिवाळ्यात छबीला डांग्या खोकला झाला. खोकता खोकता पोर निळी पडायची, आणि श्वास परत येईपर्यंत आमचाही श्वास अडकून राहायचा. चैत्रात खोकला उतरला, पण अंगात काही उरलं नव्हतं. अंगण ओलांडलं तरी तिला धाप लागे. डॉक्टर म्हणाले, "हवापालट करा. कुठंतरी थंड ठिकाणी न्या."

यांच्या मावसभावाचं घर खंडाळ्याला. कर्जतहून खंडाळा म्हणजे आगगाडीत बसायचं आणि उतरायचं, एवढंच. पण आमचं घोडं अडलं बोगद्यांपाशी! आदल्या वर्षी पहिला बोगदा आला, डब्यात अंधार झाला आणि बापूनं जो टाहो फोडला तो पार खंडाळ्यापर्यंत. बाकाखाली शिरून बसला तो काही केल्या बाहेर येईना. "आगगाडी गिळते," एवढंच म्हणत होता. पुन्हा गाडीचं नाव काढलं की त्याचा चेहरा पांढरा पडायचा.

मग यांनी हळूच मोटारीची गोष्ट काढली. गिरणीच्या शेठजींनी नवी मोटार घेतली होती आणि उन्हाळ्यात ते गावाला गेले की ती नुसती झाकून राहणार होती. शेठजींनी आनंदानं दिली, सोबत ड्रायव्हर हसनभाईही दिला. बापूच्या बोगद्यांचं निमित्त झालं, पण खरी हौस कुणाला होती हे मला पक्कं ठाऊक होतं. आळीत तर हसू झालं. आगगाडी दारातून जाते आणि ही माणसं मोटारीनं निघालीत!

आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. यांनी अंगणातल्या धुळीत काठीनं रस्ता काढला. कर्जत, पलीकडे दहिवली, मग चौक, तिथून वळून खालापूर, खोपोली आणि पुढे घाट. मोटारीला पाणी कुठं मिळेल, टायर बसला तर कुठं थांबायचं, याच्या खुणा केल्या. मी विचारलं, "आणि पोरांना दूध कुठं? सावली कुठं?" हे म्हणाले, "ते वाटेत बघू." म्हटलं, छान! मोटारीची सोय अंगणात आखायची आणि पोरांची वाटेत बघायची! मग मी काठी हातात घेतली आणि माझा रस्ता काढला. निघायचं उजाडता उजाडता. दुधातल्या दशम्या आणि मेतकूट-भात खालापूरला, चिंचेखाली. पन्हं घाटाच्या आधी. फिरकीचा तांब्या शालूच्या मांडीवर, कारण तिच्याकडून थेंब सांडत नाही. उन्हाची झळ लागू नये म्हणून प्रत्येकाजवळ एकेक कांदा, आणि डोक्यावर घालायला ओले पंचे. बापूला मोटार लागेल ही धास्ती होतीच. त्यावर यांनी शोधून काढलेला उपाय म्हणजे मुलांना झोपाळ्यावर बसवून जोरजोरात हिंदकळवायचं, म्हणजे सवय होते म्हणे! तीन दिवस हा सराव चालला. बापू झोपाळ्यावरच ओकला.

हे सगळं ठरत असताना सासूबाई पंचांग घेऊन बसल्या. मोटार उभीच होती, पण हसनभाई मोकळा होता तो सोमवारीच. "सोमवारी पूर्वेला जायचं नसतं. दिशाशूळ आहे," त्या म्हणाल्या.

"आई, मोटारीला कसला आलाय दिशाशूळ?"

"मोटारीला नसेल. आत पोरं बसणार आहेत ना?"

दुसरा दिवस मिळत नव्हता, तेव्हा त्यांनी तोड काढली. रविवारी चांगल्या वेळेवर प्रस्थान ठेवायचं. हल्लीच्या मुलींना हा प्रकार ठाऊक असेल की नाही कोण जाणे, म्हणून सांगते. मुहूर्ताच्या वेळी आपल्याला निघता येत नसेल, तर तांदूळ, सुपारी, हळकुंड असं काहीबाही फडक्यात बांधायचं आणि जायच्या वाटेवर कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे आपण निघालो असं होतं. मग खरोखर निघू तेव्हा तिथं थांबून ती पुरचुंडी उचलायची आणि पुढं जायचं. ती मागं राहिली तर मात्र निघालो ते निघालोच नाही!

सासूबाईंनी आपल्या जुन्या हिरव्या खणाचा तुकडा घेतला. तांदूळ, सुपारी, हळकुंड घातलं. गाठ मारणार एवढ्यात बापूनं आपली निळी गोटी आत टाकली. "तिला पण मोटारीतून यायचंय." सासूबाईंनी हसून गाठ मारली. पुरचुंडी ठेवायची दहिवलीला, आमच्याकडे दूध घालणाऱ्या सगुणाबाईच्या घरी. दहिवली पश्चिमेला आणि आम्ही जाणार पूर्वेला, असं यांनी लक्षात आणून दिलं. सासूबाई म्हणाल्या, "रस्ता तिकडूनच जातो ना? मग झालं तर." रविवारी सकाळी गिरणीचे मॅनेजर एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात पुरचुंडी घेऊन नदीपलीकडे निघाले, तेव्हा मी दाराआड जाऊन पोटभर हसले.

सोमवारी पहाटे सासूबाईंनी एकेकाच्या हातावर दही घातलं. त्या मोटारीत बसायला तयार नव्हत्या, घरीच राहणार होत्या. "दहिवलीला थांबा," त्यांनी तीनदा बजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि दहिवली यायला आणि बापूला उमळायला एकच गाठ पडली. पहाटे प्यायलेलं सगळं दूध शालूच्या नव्या परकरावर! शालूनं भोकाड पसरलं, छबी तिच्याकडे बघून रडायला लागली. दहिवलीची पोरं ओरडत मोटारीबरोबर धावत होती, हसनभाई हॉर्न सोडायला तयार नव्हता आणि हे "कुणी खाली येईल रे, कुणी खाली येईल" करत होते. मी पुसापुशी करून मान वर केली तेव्हा दहिवली मागं पडली होती. प्रस्थानाची आठवण कुणाला म्हणून कुणाला झाली नाही.

आठवण झाली ती थेट खालापूरला, चिंचेखाली भात कालवताना.

"अहो... पुरचुंडी!"

यांनी घास तसाच हातात धरला. "अरेच्चा!"

हसनभाई म्हणाला, "फिरवू का माघारी, सायेब? आईसाहेब इचारतील."

"आता मागं गेलो तर घाट भर उन्हात चढावा लागेल," हे म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "चार तांदळांसाठी पोरांना उन्हात तापवायचं नाही. राहू दे दहिवलीला." आजही मी हेच म्हणेन. पण खोपोलीपर्यंत माझ्या मनाला कसली तरी रुखरुख लागून राहिली. ती सासूबाईंच्या बोलण्याची होती, दुसरी कसली नाही.

खोपोली सोडली, घाट सुरू झाला आणि मोटारीच्या नाकातून वाफा निघायला लागल्या. हसनभाईनं रस्त्याकडेच्या आंब्याखाली गाडी लावली. "पानी पायजे. आन् थंड झाल्याबिगर टोपन उघडायचं नाय," असं म्हणून तो डबा घेऊन खाली उतरत गेला. छबीला झोप लागली होती. मी तिला चटईवर निजवलं, पंचा अंगावर टाकला. शालू आणि बापू पडलेल्या कैऱ्या वेचत होती. हे मोटारीच्या तोंडाशी वाकून काहीतरी बघत होते. बापूनं कैरी खाऊन चिकानं ओठ माखून घेतले, म्हणून मी त्याचं तोंड धुतलं. पाठ वळवली होती ती एवढ्यापुरतीच.

मागं वळून बघते तर चटई रिकामी.

आधी वाटलं, मोटारीमागं असेल. मग आंब्यामागं. मग मोटारीखाली वाकून बघितलं. हे म्हणाले, "जाऊन जाऊन जाईल कुठं? तिला धाप लागते चार पावलांत." तेच तर! जी पोर अंगण ओलांडू शकत नाही, ती दिसायला हवी होती. दिसत नव्हती. एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला करवंदीच्या जाळ्या आणि त्यांच्या पलीकडे खाली जाणारी घळ. ऊन असं की दगडाला हात लावता येत नव्हता. आमच्या छबीचा खोकला जाऊन महिना झाला नव्हता. अशा उन्हात, पाण्यावाचून ती किती वेळ तग धरेल, हा विचार मनातून जाईना. हे जाळ्यांतून अंग ओरबाडून घेत तिला हाका मारत होते. त्यांचा आवाज चिरकत होता. इतक्या वर्षांत तसा आवाज मी ऐकला नव्हता. हसनभाई परत आला तो पाण्याचा डबा तिथंच टाकून घळीकडे धावला.

आमच्या ओरड्यानं ठाकरवाडीच्या बायका आल्या. करवंदं काढायला आल्या होत्या, टोपल्या तशाच खाली ठेवल्या. त्यातली एक, कपाळभर गोंदलेली, मला म्हणाली, "बाय, तू वरडू नको. पोर भ्याल आन् आनकी लांब जाईल. तू हितंच बस, या दोघांना धरून. आमी बघतो." मी बसले. शालूला एका कुशीत घेतलं, बापूला दुसऱ्या. शालू विचारत होती, "आई, छबी सापडेल ना गं?" आणि मी तिला आणखी जवळ ओढत होते. कुणाकुणाचा धावा केला ते आठवत नाही. बहुतेक सगळ्यांचाच केला. ज्यांना मी मानत नाही त्यांचाही.

त्या बायकांच्या कूऽऽ, कूऽऽ अशा हाका डोंगरात लांब लांब जात राहिल्या. सावली आंब्याच्या बुंध्यापासून सरकून रस्त्यावर आली. आणि मग वरच्या अंगानं हाळी आली, "हाय गं, हाय! पोर हाय!"

वरच्या अंगानं! आम्ही सगळे खाली घळीत शोधत होतो. मी चढ कशी चढले मला ठाऊक नाही. वर ओढ्याचं कोरडं पात्र होतं, जांभळीच्या सावलीत एक मोठा धोंडा होता आणि त्याला टेकून छबी बसली होती. रडत नव्हती. धाप नव्हती. तोंड करवंदांनी काळंनिळं झालं होतं. तिच्या डोक्यावर कापड होतं, ओलं गार, चांगलं पिळून चौघडी करून घातलेलं. हिरव्या खणाचं.

मी तिला उचललं, तेव्हा मला ते कापड दिसलंच नाही. मला फक्त छबी दिसत होती. तिला छातीशी धरून मी रडत होते. हे आले, आम्हा दोघींना कवटाळून उभे राहिले आणि मग एकदम खाली बघू लागले. मी त्यांच्या नजरेच्या रोखानं बघितलं. धोंड्याजवळ पळसाचं पान ठेवलेलं होतं. पानावर सुपारी, हळकुंड आणि थोडे भिजलेले तांदूळ. आणि छबीची मूठ उघडली तर आत निळी गोटी.

"माझी गोटी!" मागोमाग चढून आलेला बापू म्हणाला आणि त्यानं ती घेतली. आश्चर्य वाटलं नाही असा तिथं तो एकटाच.

"छबे, हे कुणी घातलं गं डोक्यावर?"

"आजीनं."

"कुठली आजी? कुठं आहे?"

"गेली." बोट डोंगराकडं.

"काय म्हणाली आजी?"

"आई येते, बश."

मी त्या बायकांकडे वळले. "तुमच्यातलं कुणी...?" गोंदलेल्या बाईनं मान हलवली. "आमच्यातली म्हातारी या वक्ताला हितं कशाला येल? आन् आली असती तं लेकरू काखंला मारून तुज्याकडं आनलं असतं. असं ठेवून नसती गेली." मग तिनं ते कापड चाचपलं. "ह्ये भिजवलं कुठं पर? या वढ्याला शिमग्यापासनं पानी नाय. पानी हाय ते पार खाली." ती बाकीच्या बायकांकडे बघत राहिली.

त्यांना काय द्यावं आम्हाला सुचेना. त्यांनी काही घेतलंही नाही, उलट करवंदांची एक टोपली मुलांपुढं ठेवून गेल्या.

आम्ही खंडाळ्याला गेलो, राहिलो, छबीच्या गालांवर रंग आला. परत आल्यावर पहिल्यांदा दहिवलीला उतरलो. आम्हाला बघून सगुणाबाई पदराआड तोंड करून उभी राहिली.

"वैनी, मी मोटारीमागं किती धावले! 'थांबा वं, थांबा' करीत. तुमी काय आयकलं नाय. मंग पुरचुंडी कोनाड्यात ठिवली गनपतीफुडं, दाराला कडी घातली आन् शेतावर राबाला पातेरा टाकाया गेले. सांजच्याला येऊन बघते तं कोनाडा मोकळा. कडी होती तशी. कोन आलं नाय, कोन गेलं नाय. मी लाजंनं तुमच्या घरी तोंड दावलं नाय, आईंनी काय म्हनलं असतं?"

मी खणाचं कापड तिच्या हातात दिलं. ती ते उलटसुलट करून बघत राहिली.

सासूबाईंना सगळं सांगितलं. आधी आम्ही दहिवलीला थांबलो नाही म्हणून त्यांनी यथेच्छ बोलून घेतलं. मग छबीला मांडीवर घेऊन बराच वेळ तिचं डोकं कुरवाळत बसल्या. त्या घरातून हलल्या नव्हत्या, त्यांच्या गुडघ्यांना तर दहिवलीही झेपत नाही. मी छबीला विचारलं, "तिथं भेटलेली आजी ती हीच का?" तर ती खुदकन हसली. "ही नाही!" सासूबाईंना कशाचंच नवल वाटलं नाही. "सुपारी आणलीस ना परत? दे, देवापुढं ठेवते," एवढंच म्हणाल्या.

यांनी मात्र पट्टा का सुटला ते शोधायला घेतलं. यांचं म्हणणं, कुणीतरी पुरचुंडी घेऊन कर्जतहून खोपोलीची गाडी पकडली असेल. आमच्या मोटारीच्या चालीनं गाडी आधी पोचली असती, हे खरंच आहे. हे स्टेशनावर विचारून आले, खोपोलीला विचारून आले, हसनभाईला तर इतकं विचारलं की तो बिचारा रडकुंडीला आला. मी म्हटलं, "म्हणजे एका चोरानं कडी न काढता चार तांदूळ चोरले, आगगाडीनं खोपोली गाठली, घाट चढला, माझ्या पोरीच्या डोक्यावर ओलं कापड घातलं आणि निघून गेला. अहो, असला चोर मला रोज भेटू दे!" त्यावर हे हसले नाहीत. रात्री जेवताना नुसतेच भातात बोटं फिरवत बसले.

मला त्या कोड्याचं तेवढं नव्हतं. मला बोचत होतं ते दुसरंच. माझी पोर कुणीतरी परत दिली होती आणि मी त्या माणसाला साधं 'उपकार झाले' असंही म्हणू शकत नव्हते. म्हणायचं तरी कुणाला?

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा मोटारीनं खंडाळ्याला निघालो. निघताना मी एक नवं लुगडं बरोबर घेतलं. यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. खोपोलीच्या पुढं घाटाच्या तोंडाशी, समोरून डोक्यावर मोळी घेतलेली एक म्हातारी येत होती. अगदी साधी, कुणीही असते तशी म्हातारी. मी मोटार थांबवायला सांगितलं, उतरले आणि लुगडं पुढं केलं.

ती चपापली. मोळी खाली ठेवली. "कशापायी गं बाय?"

"गेल्या साली माझी मुलगी हरवली होती इथं. कुणीतरी तिला सावलीत बसवलं, डोक्यावर ओलं घातलं. कोण ते आम्हाला कळलं नाही. म्हणून..."

म्हातारीनं अंगठ्यानं लुगड्याचा काठ चाचपला. मोटारीकडे बघितलं, खिडकीतून डोकावणाऱ्या तिघांकडे बघितलं. छबी हात हलवत "आजी!" म्हणाली. पण ती तर सगळ्याच म्हाताऱ्यांना आजी म्हणते! मी नव्हे ती, असं म्हातारी म्हणाली नाही. मीच ती, असंही म्हणाली नाही.

"लेकरू उन्हात असलं तं मानूस घालतंच की गं डोसक्यावर," ती म्हणाली. "त्येला लुगडं कशाला?"

ती तीच होती का? ठाऊक नाही. आजही ठाऊक नाही, आणि पुरचुंडी दहिवलीहून घाटात कशी आली तेही नाही. मी तिथंच रस्त्यात वाकले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. "नको गं, नको," करत ती मागं सरू लागली. तेवढ्यात माझ्या पाठीमागं मोटारीचं दार उघडलं. हे उतरले. तापलेल्या खडीवर त्यांनी वहाणा काढून ठेवल्या, अनवाणी चालत आले आणि एक अक्षर न विचारता माझ्या शेजारी वाकले.

"सुखी ऱ्हावा," म्हातारी म्हणाली. मी लुगडं तिच्या हातात ठेवलं, यांनी तिची मोळी उचलून तिच्या डोक्यावर दिली, आणि ती खोपोलीकडे चालू लागली.